पिण्याच्या पाण्यातलं थोडंसं आर्सेनिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याचा अहवाल हातात येतो, 'आर्सेनिक' या शब्दापुढे एक छोटासा आकडा दिसतो आणि तिथून प्रश्न सुरू होतात. भरपूर आर्सेनिक असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यावर काय होतं, याबद्दल आता वाद उरलेला नाही. खरी चलबिचल होते ती थोड्या आर्सेनिकबद्दल. 'इतक्याशाने काय होतंय' असं म्हणून कोणी सोडून देतं, तर कोणी घाबरून त्या पाण्याने हात धुणंही बंद करतं. दोन्ही चुकीचं आहे. इथली उत्तरं मुख्यतः लिटरला ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी आर्सेनिक असलेल्या पाण्याबद्दल आहेत. जास्त प्रमाणाची उदाहरणं जिथे घेतली आहेत, तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आर्सेनिक म्हणजे सोमलच का?

अगदी जवळचं नातं आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य, तर सोमल हे त्याचं ऑक्सिजनबरोबरचं पांढरं संयुग. हरताळ आणि मनशीळ ही त्याची गंधकाबरोबरची खनिजं. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासून ती झाकत असत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथलाच.

पाण्यात विरघळलेलं आर्सेनिक प्रामुख्याने दोन रूपांत असतं, आर्सेनाइट आणि आर्सेनेट. दोन्ही असेंद्रिय आणि दोन्ही घातक. मासे, कोळंबी यांच्यात आढळणारं बरंचसं आर्सेनिक सेंद्रिय असतं. त्यातलं मुख्य रूप, आर्सेनोबीटाइन, शरीरातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि निरुपद्रवी मानलं जातं. हा फरक पुढे तपासणीच्या वेळी उपयोगी पडेल.

'कमी प्रमाण' म्हणजे नेमकं किती?

अहवालात एकक बघा. मायक्रोग्रॅम प्रतिलिटर किंवा पीपीबी लिहिलं असेल तर दोन्ही व्यवहारात एकच: शंभर कोटी भागांत एक भाग. मिलिग्रॅम प्रतिलिटर लिहिलं असेल तर हजाराने गुणा. म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम हे १० मायक्रोग्रॅम झाले. या दशांश चिन्हाच्या घोळात अनेक जण ०.०४ हा आकडा 'जवळपास शून्य' समजून बसतात. प्रत्यक्षात ते ४० मायक्रोग्रॅम असतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेच्या चौपट.

ही मर्यादा सध्या १० मायक्रोग्रॅम आहे. साधारणपणे १० च्या आतलं पाणी 'कमी', १० ते ५० 'कमी ते मध्यम' आणि १०० च्या पुढचं 'जास्त' असं धरलं जातं, पण या काही निसर्गाने आखलेल्या रेषा नाहीत.

आमच्या अहवालात ८ आलंय. मर्यादा १० आहे, म्हणजे पाणी सुरक्षित आहे ना?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

पाणी नियमात बसतं, एवढंच त्या अहवालावरून कळतं. सुरक्षित आहे का, हा निराळा प्रश्न आहे. मर्यादेचा इतिहास पाहिला की हे लक्षात येतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ मध्ये २०० मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा दिली होती. १९६३ मध्ये ती ५० वर आली आणि १९९३ मध्ये १० वर. आर्सेनिक तेच होतं, माणसाचं शरीरही तेच. बदललं ते आपलं ज्ञान, आणि प्रत्येक वेळी ते एकाच दिशेने सरकलं. आजही या १० च्या आकड्याला संघटना 'तात्पुरती' मर्यादा म्हणते. पाण्यातून आर्सेनिक काढण्यातल्या व्यावहारिक अडचणी लक्षात घेऊन तो ठरवलेला आहे. त्याखाली धोका संपतो, असं संघटनेचं म्हणणं नाही.

अमेरिकेने ५० ची मर्यादा १० वर आणण्याचा निर्णय २००१ मध्ये घेतला आणि तो २००६ पासून लागू केला. त्याच काळात तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने हिशोब मांडला होता. आयुष्यभर १० मायक्रोग्रॅमचं पाणी प्यायल्यास फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मिळून दर १०,००० माणसांमागे ३० हून अधिक जादा रुग्ण होऊ शकतात, असा तो अंदाज होता. पिण्याच्या पाण्यातल्या इतर कॅन्सरकारक रसायनांसाठी १०,००० मागे एक जादा रुग्ण हीसुद्धा वरची हद्द मानतात. हा अंदाज तैवानमधल्या जास्त आर्सेनिकच्या अनुभवावरून खाली उतरवलेला आहे, त्यामुळे त्यावर मतभेद आहेत. कमी प्रमाणाच्या काही अभ्यासांत कॅन्सरची वाढ स्पष्ट दिसलेलीही नाही. तरी १० हा आकडा तडजोडीतून आलेला आहे, ही गोष्ट बदलत नाही. डेन्मार्क आणि अमेरिकेतलं न्यू जर्सी राज्य यांनी मर्यादा ५ वर आणली आहे. नेदरलँड्समधल्या पाणी कंपन्यांनी १ च्या खाली जाण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे.

मग ८ आलं तर काय करायचं? आजच घाबरून जाण्यासारखं त्यात काही नाही. पण दुसरा स्वच्छ स्रोत सहज मिळत असेल, किंवा घरात तान्हं बाळ अथवा गर्भवती असेल, तर मी ते पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वापरणार नाही. 'नियमात बसतं' या एका वाक्यावर लहान मुलांचं पाणी ठरवू नये.

इतकं थोडं विष शरीरात करतं तरी काय?

तडकाफडकी काहीच नाही, आणि गोची तिथेच आहे. सोमलाने माणूस तत्काळ दगावतो ती मात्रा शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या घरातली. १० मायक्रोग्रॅमचं पाणी रोज दोन लिटर प्यायल्यास वर्षभरात पोटात जातं जेमतेम ७ मिलिग्रॅम. उलटी नाही, पोटदुखी नाही, चक्कर नाही. ज्याला आपण विषबाधा म्हणून ओळखतो त्यातलं एकही लक्षण दिसत नाही.

आत मात्र काम सुरू असतं. आर्सेनेटची रेणूरचना फॉस्फेटसारखी असल्याने पेशी त्याला फॉस्फेट समजून आत घेते आणि ऊर्जा तयार करण्याच्या साखळीत चुकीची कडी बसते. आर्सेनाइटचा मार्ग वेगळा. प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना ते घट्ट चिकटतं आणि त्या प्रथिनांचं काम अडतं. त्यातून पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, डीएनएची दुरुस्ती नीट होत नाही आणि जनुकांची चालू-बंद होण्याची शिस्त बिघडते. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा होते. म्हणूनच त्वचा, फुफ्फुस, मूत्राशय, हृदय असे एकमेकांशी संबंध नसलेले वाटणारे अवयव एकाच यादीत येतात.

शरीर आर्सेनिक बाहेर टाकतं असं वाचलं. मग नुकसान कसं होतं?

बरोबर वाचलंत. यकृत आर्सेनिकला मिथाइल गट जोडतं आणि बराचसा भाग काही दिवसांत लघवीवाटे निघून जातो. पण रोज तेच पाणी प्यायलं, तर आजचं बाहेर पडेपर्यंत उद्याचं आत आलेलं असतं. पेशींना उसंत मिळत नाही.

शिवाय ही प्रक्रिया सगळ्यांत सारखी चालत नाही. वाटेत तयार होणारं एक मिथाइल गट जोडलेलं रूप पुरेसं घातक असतं. ज्यांच्या शरीरात प्रक्रिया तिथेच रेंगाळते, त्यांना त्वचेचे आणि मूत्राशयाचे आजार जास्त होतात असं दिसलं आहे. यात जनुकांचा वाटा आहे, पोषणाचाही आहे. 'आम्ही सगळे तेच पाणी पितो, मग यालाच का झालं?' या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे दडलेलं आहे. ज्याला झालं त्याच्या सवयींना किंवा नशिबाला दोष देण्याआधी हे आठवावं.

कॅन्सर होतो का?

आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने आर्सेनिकला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणारं हे निश्चित झालेल्यांच्या गटात टाकलं आहे. त्वचा, फुफ्फुस आणि मूत्राशय हे तीन अवयव यात सर्वांत पुढे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा चिलीच्या वाळवंटातल्या अँतोफागास्ता शहरातून आला. प्रमाण फार मोठं होतं, हे लक्षात ठेवूनच तो वाचायचा. १९५८ मध्ये शहराला नदीचं नवं पाणी आणलं. त्यात लिटरला सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होतं. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि प्रमाण झपाट्याने घसरलं. दोन्ही टोकांना स्पष्ट तारखा असल्यामुळे संशोधकांना जणू एक घड्याळच मिळालं. त्या घड्याळाने दाखवलं ते अस्वस्थ करणारं होतं. पाणी स्वच्छ झाल्यावरही फुफ्फुस आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचे मृत्यू वाढतच राहिले, आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा वाढीव धोका तर चाळीस वर्षांनंतरही उतरलेला नव्हता.

कमी प्रमाणात धोका अर्थातच त्याहून खूप कमी असतो. तंबाखू ओढणाऱ्यांत मात्र दोन्ही धोके एकमेकांना बळ देतात: आर्सेनिक अधिक धूम्रपान म्हणजे फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त. पाणी बदलणं लगेच जमत नसेल, तरी बिडी-सिगारेट सोडणं आज सुरू करता येतं.

अंगावर डाग नाहीत, घट्टे नाहीत. म्हणजे आम्हाला काही झालेलं नाही?

असं समजू नका. छातीवर-पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत, टणक गाठी ही आर्सेनिकची ओळखीची खूण. पश्चिम बंगालमध्ये १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्ण ओळखले ते याच खुणांवरून. पण या खुणा बहुतेकदा जास्त आर्सेनिकचं पाणी अनेक वर्षं प्यायल्यावर उमटतात. कमी प्रमाणात त्वचा स्वच्छ राहूनही आतल्या अवयवांवर परिणाम होऊ शकतो. त्वचेची खूण दिसली तर ती गांभीर्याने घ्यायचीच. दिसली नाही म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

हे रोग स्पर्शाने पसरत नाहीत. ते कुष्ठरोगही नव्हेत. या गैरसमजापायी माणसं वाळीत टाकली गेली आहेत, लग्नं मोडली आहेत. त्या माणसांनी फक्त पाणी प्यायलं होतं.

हृदयविकार आणि मधुमेहाचं काय?

जास्त प्रमाणात संबंध पक्का आहे. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर खोल विहिरींचं पाणी पिणाऱ्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या बंद होऊन बोटं काळी पडत. तिथे त्याला 'काळ्या पायाचा आजार' असंच नाव पडलं.

कमी ते मध्यम प्रमाणातही पुरावा वाढतो आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी समाजांवर चाललेल्या 'स्ट्राँग हार्ट' अभ्यासात लघवीतलं आर्सेनिक जास्त असलेल्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार आणि त्यांतून होणारे मृत्यू अधिक आढळले. बांगलादेशात अरायहजार इथे २००० पासून सुमारे १२,००० लोकांचा पाठपुरावा झाला. त्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटातल्या साधारण पाचांतल्या एका मृत्यूचा संबंध १० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिकच्या पाण्याशी जोडला गेला. या गटात काही जण खूपच जास्त आर्सेनिकचं पाणी पीत होते, हे लक्षात ठेवायला हवं.

मधुमेहाबाबत जास्त प्रमाणात संबंध दिसतो, कमी प्रमाणात अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

गर्भवती, तान्ही बाळं आणि लहान मुलं यांना धोका जास्त असतो का?

हो. माझ्या मते घरातला सगळा निर्णय त्यांच्याकडे बघूनच घ्यावा.

आर्सेनिक वार ओलांडून गर्भापर्यंत पोहोचतं. अँतोफागास्तात ज्या वर्षांत पाणी सर्वांत दूषित होतं त्या काळात पोटात किंवा बाल्यावस्थेत असलेली मुलं तिशी-चाळिशीत पोहोचली, तेव्हा त्यांच्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेच्या सहा-सात पट निघाले. पुन्हा सांगते, ते प्रमाण ८६० चं होतं. पण लहानपणीचा संपर्क आयुष्यभर मागे राहतो, हे त्यातून पक्कं झालं.

मेंदूच्या वाढीबद्दल कमी प्रमाणाचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात २७२ शाळकरी मुलांची तपासणी झाली, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. घरच्या विहिरीच्या पाण्यात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आर्सेनिक असलेल्या मुलांचे बुद्ध्यांक त्याहून कमी आर्सेनिकवाल्या मुलांपेक्षा सरासरी पाच-सहा गुणांनी कमी होते. एका अभ्यासावरून अंतिम निकाल लावता येत नाही, आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत तो काहीच सांगत नाही. पण बांगलादेशातल्या मुलांच्या अभ्यासांचा कलही याच दिशेचा आहे.

बाळ वजनाच्या मानाने किती पाणी पितं, ते पाहा. साठ किलोचा माणूस दोन लिटर पितो, म्हणजे किलोमागे साधारण ३३ मिलिलिटर. डब्याच्या दुधावरचं पाच किलोचं बाळ पाऊण लिटर पितं, म्हणजे किलोमागे १५० मिलिलिटर. त्याच पाण्यातून बाळाला वजनाच्या मानाने चौपटीहून जास्त आर्सेनिक मिळतं. म्हणून पावडरचं दूध कालवायला पाणी आर्सेनिकमुक्तच हवं.

यात एक दिलासा आहे. आईच्या पाण्यात आर्सेनिक असलं तरी तिच्या दुधात ते फारच कमी उतरतं. स्तनपान सुरू ठेवा. पाण्याच्या भीतीने अंगावरचं दूध तोडलं, तर बाळाला उलट जास्त आर्सेनिक मिळेल.

पाण्याला चव, वास, रंग काही असतो का?

नाही. पाणी नितळ असेल, गोड लागेल, आणि त्यात ५०० मायक्रोग्रॅमही असू शकतील. भांड्यावर तांबूस लोहाचा थर येतो ही खूणही भरवशाची नाही. लोह असून आर्सेनिक नाही आणि आर्सेनिक असून लोह नाही, असं दोन्ही आढळतं.

टीडीएस मीटरनेही आर्सेनिक कळत नाही. तो लिटरमागे मिलिग्रॅममध्ये एकूण क्षार मोजतो. आर्सेनिकचा प्रश्न त्याच्या हजारपट खालच्या पातळीवर आहे.

शेजारच्या विहिरीचं पाणी चांगलं निघालं. आमचं वेगळं कसं असेल?

असू शकतं, आणि बऱ्याचदा असतं. बहुतेक ठिकाणी आर्सेनिक कारखान्यातून नव्हे, जमिनीतूनच येतं. नद्यांनी डोंगरांतून वाहून आणलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ लेप असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली पालापाचोळा कुजून ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाकडच्या सपाट प्रदेशात प्रामुख्याने हेच घडलं आहे. इतरत्र गरम पाण्याचे भूगर्भीय झरे, खाणीतल्या गंधकयुक्त खनिजांचं विघटन किंवा कोरड्या प्रदेशातलं जास्त पीएच असलेलं भूजल ही कारणं असतात.

वाळू, चिकणमाती, गाळ यांचे थर पावलागणिक बदलतात, म्हणून एकमेकींपासून पंचवीस-तीस मीटर अंतरावरच्या दोन कूपनलिकांचे आकडे दहापट वेगळे निघू शकतात. खोली बदलली तरी आकडा बदलतो. उघड्या विहिरीत हवा खेळती असल्याने आर्सेनिक बऱ्याचदा कमी असतं, पण तिथे जंतूंचा धोका मोठा.

बांगलादेशची गोष्ट इथेच वेदनादायक होते. तळ्या-नद्यांच्या दूषित पाण्याने जुलाब होऊन मुलं दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे घरोघरी कूपनलिका खोदल्या गेल्या. हेतू चांगला होता आणि जुलाबाचे आजार टळलेही. पण आर्सेनिक कोणी तपासलं नाही. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार तिथले साडेतीन कोटी लोक ५० मायक्रोग्रॅमहून जास्त, तर ५ कोटी ७० लाख लोक १० हून जास्त आर्सेनिकचं पाणी पीत होते. म्हणूनच स्रोत बदलताना एका बाजूला आर्सेनिक आणि दुसऱ्या बाजूला जंतू, दोन्ही तपासून घ्या.

पाणी उकळलं तर?

आर्सेनिक जात नाही. वाफ उडून जाते आणि आर्सेनिक भांड्यात उरतं, त्यामुळे उलट किंचित वाढतं. क्लोरीन, अतिनील दिवा, कापडाची गाळणी, मेणबत्तीचा फिल्टर आणि साधा कोळशाचा फिल्टर यांनीही आर्सेनिक निघत नाही.

मग कोणता फिल्टर घ्यायचा?

पाण्यात आर्सेनिक कोणत्या रूपात आहे, यावर बरंच अवलंबून आहे. आर्सेनेटवर विद्युतभार असतो, म्हणून ते पकडणं सोपं. आर्सेनाइटवर नेहमीच्या पाण्यात भार नसतो आणि ते बऱ्याच गाळण्यांमधून निसटतं. भूजलात अनेकदा आर्सेनाइटच जास्त असतं. त्यावर उपाय आहे: आधी क्लोरीनने त्याचं आर्सेनेट करायचं, मग गाळायचं.

आरओ यंत्र आर्सेनेट चांगलं काढतं, आर्सेनाइट अर्धवट. लोहाच्या ऑक्साइडवर आधारलेल्या गाळण्या दोन्ही धरून ठेवू शकतात, पण त्यांची क्षमता संपते आणि संपल्याचं चवीवरून कळत नाही. आयन-विनिमय पद्धतीच्या संयंत्रात तर क्षमता संपल्यावर साचलेलं आर्सेनिक एकदम परत पाण्यात सुटू शकतं, कधी मूळ पाण्यापेक्षाही जास्त. तुरटी किंवा लोहक्षार घालून आर्सेनिक साक्याबरोबर खाली बसवणं ही मोठ्या केंद्रांची पद्धत. घरी अंदाजपंचे केल्यास भरवशाची नाही.

खोक्यावरच्या 'आर्सेनिक काढते' या शब्दांवर विसंबू नका. यंत्र बसवल्यावर आत जाणारं आणि बाहेर येणारं, दोन्ही पाण्यांची चाचणी करा, आणि नंतरही ठरावीक काळाने करत राहा. यंत्र पूर्ण घराला लागत नाही. पिण्याच्या-स्वयंपाकाच्या नळाला असलं तरी पुरे.

अंघोळ, कपडे, भांडी यांना ते पाणी चालेल?

चालेल. त्वचेतून आर्सेनिक फारच कमी शोषलं जातं. लहान मुलं अंघोळीच्या वेळी पाणी गिळत असतील तर तेवढं लक्ष ठेवा. स्वच्छ पाणी मोजकंच असेल तर ते पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि बाळाच्या दुधासाठी राखून ठेवा. हात धुणं कमी करू नका.

भातातूनही आर्सेनिक येतं म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. भातशेतीत पाणी साठून राहतं, मातीत ऑक्सिजन उरत नाही आणि आर्सेनाइट मोकळं होतं. भाताची मुळं सिलिकॉन ओढून घेणाऱ्या वाटेनेच ते आत घेतात. कोंड्यात ते जास्त साठतं, म्हणून बिनपॉलिशच्या तांदळात प्रमाण अधिक असतं. शिवाय दूषित पाण्यात शिजवलेला भात पाणी शोषताना त्यातलं आर्सेनिकही शोषतो.

स्वच्छ पाणी सहा ते दहा पट घेऊन भात शिजवला आणि जास्तीचं पाणी ओतून दिलं, तर असेंद्रिय आर्सेनिक ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतं. त्याबरोबर काही जीवनसत्त्वंही जातात, तेवढी तडजोड आहे. पाण्यातच आर्सेनिक असेल तर ही युक्ती चालत नाही. आधी पाणी सोडवा. रोज तीन वेळा भात असेल तर मधूनमधून दुसरी धान्यं घेतल्याने एकूण मात्रा उतरते.

शरीरातलं आर्सेनिक तपासायला रक्त द्यायचं का?

रक्तातून आर्सेनिक लवकर निघून जातं, त्यामुळे दीर्घ, कमी संपर्कासाठी रक्ताचा फारसा उपयोग नाही. लघवीची चाचणी गेल्या काही दिवसांचं चित्र दाखवते. त्याआधी तीन-चार दिवस मासे, कोळंबी, खेकडे खाऊ नका, नाहीतर त्यातलं निरुपद्रवी आर्सेनिक आकडा फुगवतं आणि घरभर घबराट पसरते. प्रयोगशाळा असेंद्रिय भाग वेगळा मोजून देत असेल तर उत्तम. नखं आणि केस मागच्या काही महिन्यांचा संपर्क सांगतात, पण बाहेरून लागलेलं आर्सेनिकही त्यात धरलं जाऊ शकतं.

बहुतेक घरांसाठी माझा सल्ला साधा आहे: आधी पाणी तपासा. त्या पैशात जास्त कळतं.

शरीरातून आर्सेनिक काढणारं औषध किंवा 'डिटॉक्स' घ्यावं का?

नाही. तीव्र विषबाधेत रुग्णालयात दिली जाणारी, धातू बांधून बाहेर काढणारी औषधं वेगळी. दीर्घकालीन कमी संपर्कात त्यांचा खात्रीचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि त्यांचे दुष्परिणाम आहेत. पाणी बदललं की शरीर स्वतःच काही दिवसांत आर्सेनिक काढून टाकतं. त्यापेक्षा वेगवान किंवा सुरक्षित काही विकत मिळत नाही.

आहाराचा मात्र उपयोग होतो. मिथाइल गट जोडण्याच्या कामाला फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व लागतं. बांगलादेशात फोलेटची कमतरता असलेल्या लोकांना फोलिक आम्ल दिल्यावर त्यांच्या रक्तातलं आर्सेनिक उतरल्याचं २००७ मध्ये दिसलं. हिरव्या पालेभाज्या, डाळी, पुरेशी प्रथिनं खायलाच हवीत, पण त्या दूषित पाण्याला पर्याय नव्हेत.

वीस वर्षं हेच पाणी प्यायलो. आता बदलून काय फायदा?

फायदा आहे, आणि तो लवकर सुरू होतो. लघवीतलं आर्सेनिक काही दिवसांतच उतरू लागतं. अँतोफागास्तात पाणी शुद्ध झाल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू कॅन्सरच्या तुलनेत खूप लवकर घटले. अमेरिकेत १० ची मर्यादा आल्यानंतर सार्वजनिक नळाचं पाणी पिणाऱ्यांच्या लघवीतलं पाण्यातून येणारं आर्सेनिक सुमारे १७ टक्क्यांनी घटलं. खासगी विहिरींना तो नियम लागू नव्हता, तिथे घट दिसली नाही.

कॅन्सरचा धोका मात्र सावकाश उतरतो. म्हणून ज्यांनी बरीच वर्षं असं पाणी प्यायलं आहे, त्यांनी डॉक्टरांना तसं आवर्जून सांगावं, वर्षातून एकदा त्वचा दाखवावी, रक्तदाब आणि साखर तपासत राहावी. लघवीतून न दुखता रक्त गेलं, न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ दिसली, महिनाभर खोकला हटला नाही, तर थांबू नये.

पाण्याचा नमुना कसा द्यायचा?

प्रयोगशाळेकडून बाटली घ्या. धातू भिंतीला चिकटू नयेत म्हणून त्यात बहुधा आम्ल असतं, ती विसळू नका. पंप काही मिनिटं चालू ठेवून, नळीतलं साचलेलं पाणी जाऊ द्या आणि मग भरा. फिल्टर असेल तर आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने द्या आणि बाटलीवर तसं लिहा. कागदाच्या पट्टीचा रंग बदलणारे जागेवरचे संच जास्त आर्सेनिकची विहीर झटकन ओळखायला चांगले, पण १० च्या आसपास त्यांचा अंदाज चुकतो. तिथे प्रयोगशाळाच हवी, आणि तिला आधीच विचारून घ्या की त्यांचं उपकरण किमान किती मोजू शकतं. 'आर्सेनिक आढळलं नाही' असा अहवाल १० पर्यंतच मोजू शकणाऱ्या उपकरणाचा असेल, तर तुमच्या पाण्यात ८ असू शकतं आणि कागदावर ते कधीच दिसणार नाही.